वेळेचीही जकात लागते

तासगाव-पलूस भागातली निर्यातीची द्राक्षं युरोपला विमानानं जात नाहीत, जहाजानं जातात. न्हावा शेवा ते रॉटरडॅम हा तीन-चार आठवड्यांचा प्रवास. तांबड्या समुद्रातल्या धोक्यामुळे जहाजांनी आफ्रिकेला वळसा घातला, तर आणखी दहा-बारा दिवस. तरी घड तिकडे टवटवीत उतरतो. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचं तसं नाही. शून्य अंशावर ठेवली तरी आठवड्याभरात ती मऊ पडते. कवलापूरच्या जुन्या धावपट्टीवर विमानतळ करावा की नाही, यावरून सांगलीत वर्षानुवर्षं जो वाद चालू आहे, त्याचा निकाल मला या दोन फळांच्या फरकात दिसतो.

डेव्हिड हमल्स आणि गेऑर्ग शाउर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेत येणाऱ्या मालाचे आकडे तपासले आणि 2013 मध्ये एक हिशेब मांडला. माल वाटेत असण्याचा प्रत्येक दिवस हा 0.6 ते 2.1 टक्के आयातशुल्क भरल्यासारखाच असतो. म्हणजे वीस दिवसांचा प्रवास हा 12 ते 42 टक्के जकातीएवढा. फळ नासतं, फॅशन बदलते, सुट्या भागाअभावी कारखाना बंद पडतो, पैसा अडकून राहतो. हे सगळं त्या टक्क्यांत आलं. जगातल्या व्यापारी मालापैकी वजनानं जेमतेम एक टक्का माल विमानानं जातो, पण किमतीनं पाहिलं तर तो जवळजवळ एक तृतीयांश भरतो, त्याचं कारण हेच.

मुक्त व्यापार क्षेत्र दुसरी जकात काढून टाकतं, सरकारी. ती जागा देशातच असते, पण सीमाशुल्कापुरती देशाबाहेरची मानली जाते. कच्चा माल शुल्क न भरता आत येतो, त्यावर काम होतं आणि तो परदेशी निघून जातो. तोच माल देशात विकायचा ठरला, तर मात्र शुल्क भरावं लागतं. एक जकात काळाची, एक सरकारची. दोन्ही एकाच कुंपणात माफ झाल्या, की तिथे वस्ती वाढू लागते.

हे पहिल्यांदा नीट जमलं ते आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, शॅननमध्ये. अटलांटिक ओलांडणारी विमानं तेव्हा इंधनासाठी तिथे उतरत. 1947 मध्ये तिथे करमुक्त दुकान सुरू झालं. पण पुढे जेट विमानं आली, त्यांचा पल्ला वाढला आणि शॅननला थांबण्याची गरजच संपणार हे दिसू लागलं. ब्रेंडन ओरेगन या अधिकाऱ्यानं यावर जो उपाय काढला, तो मला विलक्षण वाटतो. विमान उतरायला कारण उरलं नसेल, तर कारण आपणच बनवायचं. 1959 मध्ये धावपट्टीला लागून मुक्त क्षेत्र झालं, कारखाने आले, कामगारांसाठी शॅनन हे नवं गावच वसलं. 1980 मध्ये चीनचं एक पथक हे पाहायला आलं होतं. त्यात पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जिआंग झेमिन होते, आणि शेन्झेनचं विशेष क्षेत्र त्याच वर्षीचं. आपणही फार मागे नव्हतो. कांडल्याचं मुक्त क्षेत्र 1965 चं, अंधेरीचं सीप्झ हे निर्यात क्षेत्र 1973 चं.

विमानतळाभोवती शहर कसं रचलं जातं, याचं कोडं विमानाच्या कितीतरी आधी सुटलं होतं. योहान फॉन थ्युनेन या जर्मन शेतकऱ्यानं 1826 मध्ये सपाट मैदानातलं एकच शहर कल्पिलं. त्याच्याभोवती शेतीची वर्तुळं पडतात. अगदी जवळ दूध-भाजी, मग जळणाचं जंगल, मग धान्य, आणि सर्वांत लांब स्वतः चालत बाजारात येणारी जनावरं. वाहतूक जितकी महाग आणि माल जितका नाशवंत, तितकी शहरालगतच्या जमिनीला किंमत जास्त. शहराच्या जागी धावपट्टी ठेवा आणि किलोमीटरऐवजी मिनिटं मोजा, की जॉन कासार्डा या अमेरिकी अभ्यासकांनी मांडलेली विमानतळनगरी, म्हणजे विमानतळाभोवती वाढणारं शहर, तयार होते.

पण अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या आल्समीरकडे पाहा. तिथला फुलांचा लिलाव 1911-12 पासूनचा. शेजारचा स्किपोल विमानतळ मोठा झाला तो नंतर. आज केनियाचा गुलाब तिथे उतरतो, कारण फुलांचा बाजार आधीच उभा होता. उलट आपल्या नागपूरचं मिहान मालवाहतुकीचं मोठं केंद्र म्हणून आखलं, पण मालाचा ओघ अपेक्षेएवढा आला नाही.

म्हणून मी आधी सांगलीचा माल पाहतो. द्राक्षाची वेळेची जकात इथल्या शेतकऱ्यानं विमानाशिवायच उतरवली आहे. प्रीकूलिंग (पाठवण्याआधी फळ झटपट थंड करणं), शून्य अंशाचा कंटेनर आणि पेटीत ग्रेपगार्ड. त्या कागदातून हळूहळू सुटणारा सल्फर डायऑक्साइड बुरशीला रोखतो. फळाचा श्वास मंदावला की दिवस स्वस्त होतो. बेदाणा त्याच्याही पुढे गेला. चार किलो द्राक्षांचा एक किलो होतो, आणि मग त्याला कसलीच घाई नसते. हळदही तशीच. या मालाला धावपट्टीपेक्षा जवळ सीमाशुल्काची सोय, शीतगृह आणि वेळेवर मिळणारा कंटेनर जास्त उपयोगी. जिल्ह्यातल्या रांजणीला ड्रायपोर्ट, म्हणजे कंटेनर भरून सीमाशुल्काची तपासणी उरकणारं जमिनीवरचं बंदर, हवं ही मागणी म्हणूनच मला जास्त वजनदार वाटते.

विमानात खरोखर शोभेल असं एक काम मात्र या जिल्ह्यात पिढ्यानपिढ्या आहे: विट्याची गलाई. खानापूर-आटपाडीची माणसं जुनं सोनं-चांदी शुद्ध करायला देशभर गेली आणि तिकडेच दुकानं थाटून बसली. किलोभर सोनं दोन काडेपेट्यांएवढं असतं आणि किंमत कोटीच्या पुढे. त्याला विमानभाडं जाणवतही नाही. जुलै 2024 मध्ये आयातशुल्क 15 वरून 6 टक्क्यांवर आलं, तरी कोटीमागे सहा लाख अडकतातच. सीप्झमध्ये दागिन्यांचे कारखाने का जमले, ते इथे कळतं. विट्याच्या कारागिराच्या हातातली विद्या आणि शुल्कमुक्त सोनं एकत्र आणण्याचा विचार कुणी गंभीरपणे करायला हवा.

राहिला जमिनीचा प्रश्न. थ्युनेनच्या हिशेबात धावपट्टीलगतच्या जमिनीचा भाव चढतो, पण तो चढण्याआधीच मूळ मालकाकडून जमीन गेलेली असते. साताऱ्याच्या उत्तर सीमेपलीकडे पुरंदरच्या सात गावांनी नियोजित विमानतळाला विरोध केला, तो मला अडाणीपणाचा वाटत नाही. नवी मुंबई विमानतळासाठी जमीन देणाऱ्यांना साडेबावीस टक्के विकसित भूखंड देण्याची योजना झाली, म्हणजे वाढीव भावात त्यांचा वाटा राहिला. कवलापूर असो की आणखी कुठलं गाव, तो वाटा किती हे मोजणीची माणसं शेतात येण्याआधी कागदावर आलं पाहिजे.