त्वचेच्या प्रसाधनांतील चिनी ज्येष्ठमध : पार्श्वभूमी

चीनमध्ये विकल्या जाणाऱ्या चेहऱ्याच्या क्रीम आणि सीरमच्या वेष्टनांवर वनस्पतींची जी नावे असतात, त्यांत गान्‌त्साओ, म्हणजे ज्येष्ठमध, हे नाव वारंवार येते आणि त्याच्या जोडीला प्राचीन परंपरेचा उल्लेखही बहुधा असतोच. वनस्पतीपुरता हा उल्लेख खरा आहे. मात्र आज त्या क्रीममध्ये जे घातले जाते, ते बहुतेक वेळा मुळीचे चूर्ण किंवा काढा नसून मुळीतून वेगळे काढलेले एखादे संयुग किंवा त्या संयुगाने समृद्ध केलेला अर्क असतो आणि त्याचा इतिहास विसाव्या शतकाच्या फारसा मागे जात नाही.

जुन्या चिनी औषधग्रंथांनी ज्येष्ठमधाला वरच्या वर्गात बसवले, पण ते काढ्यातील मध्यस्थ म्हणून. इतर द्रव्यांची उग्रता कमी करणे आणि त्यांचा एकमेकांशी मेळ घालणे हे त्याचे काम होते. ‘राज्यातला वडीलधारा’ अशी पदवीही त्याला त्यावरूनच मिळाली. चेहरा उजळवण्याच्या औषधकृतींमध्ये पांढऱ्या रंगाच्या मुळ्या आणि कंद तर असतच, शिवाय शिसे व पाऱ्याची संयुगेही असत, आणि परंपरेची जाहिरात करताना या दुसऱ्या गोष्टीची आठवण कोणी काढत नाही. उलट आयुर्वेदाच्या संहितांनी यष्टीमधुकाला वर्ण्य, म्हणजे कांती सुधारणाऱ्या, द्रव्यांच्या गणात स्पष्टपणे घातलेले आहे, त्यामुळे ‘त्वचेसाठी ज्येष्ठमध’ ही केवळ चिनी मक्तेदारी मानण्याचे कारण नाही.

मधली कित्येक शतके ओलांडून थेट प्रयोगशाळेत आले की चित्र बदलते. ज्येष्ठमधाचा गोडवा ग्लायसिरायझिन या संयुगामुळे येतो आणि त्यापासून मिळणाऱ्या ग्लायसिरेटिनिक आम्लाची मलमे १९५०च्या दशकातच ब्रिटनमध्ये इसबावर वापरून पाहिली गेली होती. शरीरातील कॉर्टिसॉल हे दाह कमी करणारे संप्रेरक निष्क्रिय करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) हे आम्ल अडवते आणि त्यामुळे त्वचेवर लावलेल्या हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडचा प्रभाव वाढतो, हे १९९०मध्ये दाखवले गेले. दुसरीकडे ग्लॅब्रिडिन हे वेगळेच संयुग मेलॅनिन हे त्वचेचे रंगद्रव्य बनवणाऱ्या टायरोसिनेज या विकराला रोखते, असे जपानी संशोधकांनी १९९८मध्ये प्रसिद्ध केले आणि उजळपणाची बाजारपेठ तिथून ज्येष्ठमधाकडे वळली. लालसरपणा कमी करणाऱ्या युरोपीय क्रीममध्ये वापरले जाणारे लिकोचाल्कोन ए हे तिसरे संयुग. येथे एक बाब सहसा सांगितली जात नाही. चिनी औषधकोश, म्हणजे औषधांचे निकष ठरवणारा अधिकृत ग्रंथ, गान्‌त्साओ या एकाच नावाखाली ग्लायसिरायझा वंशाच्या तीन जातींना मान्यता देतो. त्यांपैकी ग्लॅब्रिडिन हे ग्लॅब्रा जातीचे, म्हणजे आपल्याकडच्या ज्येष्ठमधाचे, वैशिष्ट्य आहे, लिकोचाल्कोन ए हे इन्फ्लाटा जातीचे आहे, आणि चिनी काढ्यांत पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः वापरली गेलेली युरालेन्सिस जात या दोन्हींसाठी ओळखली जात नाही.

औषध आणि प्रसाधन यांच्यातील सीमारेषेचा प्रश्न आधी चीनबाहेर पेटला. १९९२मध्ये लंडनमधील डॉक्टरांनी दहा वनस्पतींचा चिनी काढा इसबाच्या रुग्णांना देऊन चाचण्या घेतल्या, त्यात ज्येष्ठमधही होता आणि निष्कर्ष उत्साहवर्धक होते. पुढे हाँगकाँगमधील चाचणीत तो परिणाम दिसला नाही आणि त्या काढ्याचे व्यावसायिक उत्पादनही थांबले. दरम्यान चिनी वनौषधींच्या म्हणून दिल्या जाणाऱ्या क्रीमला मागणी आली होती. १९९९मध्ये ब्रिटनमध्ये अशा ११ क्रीमची तपासणी झाली, तेव्हा ८ क्रीममध्ये डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सापडले. गुण येत होता, पण तो वनस्पतींमुळेच येत होता असे म्हणायला जागा उरली नाही.

चीनमधील वाद याच सीमारेषेवर, पण शब्दांच्या अंगाने झाला. १९९०पासून अमलात असलेल्या नियमांनी केस रंगवणे, डाग घालवणे, ऊन अडवणे असे विशेष उपयोगाचे नऊ प्रकार ठरवले होते; वनस्पतिजन्य क्रीम त्यांत बसत नसली तर ती साधे प्रसाधन ठरे. २०१३च्या अखेरीस त्वचा उजळवणारी उत्पादने डाग घालवण्याच्या प्रकारात आणली गेली आणि त्यांना नोंदणीची कठोर प्रक्रिया लागू झाली. साध्या प्रसाधनांवर मात्र ‘याओझुआंग’, म्हणजे औषधी प्रसाधन, हा शब्द सर्रास छापला जात होता. औषधदुकानांतील विक्री, औषध कंपन्यांनी काढलेली क्रीम आणि वनौषधींची नावे या तिन्हींना एकत्र बांधणारा तो शब्द होता आणि कायद्यात त्याला कोठेही जागा नव्हती.

जानेवारी २०१९मध्ये चीनच्या औषध व प्रसाधन नियामकाने प्रश्नोत्तरांच्या रूपात स्पष्टीकरण काढले की, प्रसाधन म्हणून नोंदलेल्या उत्पादनाने ‘औषधी प्रसाधन’ किंवा ‘वैद्यकीय त्वचानिगा’ असा दावा करणे बेकायदा आहे आणि जगातील बहुतेक देशांच्या कायद्यातही अशी संकल्पना नाही. नवा नियम म्हणून हे मांडलेले नव्हते. अस्तित्वात असलेल्या नियमाचाच तो खुलासा होता, आणि म्हणूनच तो अधिक वादग्रस्त ठरला, कारण वर्षानुवर्षे उघडपणे चाललेला व्यवहार मुळातच बेकायदा होता असा त्याचा अर्थ निघत होता. ग्राहकाची दिशाभूल थांबली, हे खरे. तरी त्या स्पष्टीकरणाने एक अडचण झाकली गेली असे प्रस्तुत लेखकाला वाटते. जपानमध्ये औषध आणि प्रसाधन यांच्यामध्ये अर्ध-औषधांचा स्वतंत्र कायदेशीर वर्ग आहे आणि ज्येष्ठमधापासून तयार होणारे डायपोटॅशियम ग्लायसिरायझेट त्या वर्गात सक्रिय घटक म्हणून मान्य आहे. चीनमध्ये ग्लायसिरायझिनच्या गोळ्या त्वचारोगतज्ज्ञ औषध म्हणून लिहून देतात, पण त्याच कुळातील संयुग क्रीममध्ये गेले की त्याच्या औषधी गुणाचा उच्चारही करता येत नाही. संयुग तेच राहते, वेष्टन बदलले की त्याची जात बदलते. उत्पादकांनी यावर सोपा मार्ग काढला: ‘औषधी’ हा शब्द गाळून ‘कार्यक्षम त्वचानिगा’ असे म्हणायला सुरुवात केली आणि आतले सूत्र होते तसेच ठेवले.

जानेवारी २०२१पासून लागू झालेल्या नव्या नियमावलीत हा ताण एकाच दस्तऐवजात दिसतो. पारंपरिक ज्ञान आणि स्थानिक वनस्पती यांच्या आधारे प्रसाधने विकसित करण्यास ती प्रोत्साहन देते, आणि वैद्यकीय परिणामाच्या दाव्याला बंदीही घालते. गुणाच्या दाव्याला पुरावा हवा, हा तिचा महत्त्वाचा भाग आहे. उजळपणाच्या दाव्यासाठी माणसांवरील चाचणी लागते, तर त्वचा शांत करण्याच्या दाव्याला प्रयोगशाळेतील चाचणीही चालते. साहजिकच ज्येष्ठमधाची पुष्कळशी उत्पादने आता दुसऱ्या दाव्याकडे झुकलेली दिसतात. वापरता येण्याजोग्या घटकांची यादीही त्याच वर्षी सुधारली गेली आणि तिच्यात ८,९७२ नोंदी झाल्या.

पुरवठ्याची बाजू याहून कमी चर्चिली जाते. इनर मंगोलिया आणि निंगशिया या कोरड्या प्रदेशांत रानटी ज्येष्ठमधाच्या बेसुमार खोदाईने जमीन उघडी पडून वाळवंट पसरू लागले, तेव्हा केंद्र सरकारने जून २०००मध्ये या खोदाईवर निर्बंध आणले, आणि नंतर लागवडीच्या मुळ्यांवरचा भर वाढत गेला. औषधासाठी त्या मुळ्या पारखताना औषधकोशाचा निकष किमान २ टक्के ग्लायसिरायझिक आम्ल (म्हणजेच ग्लायसिरायझिन) आणि ०.५ टक्के लिक्विरिटिन हे मुळीतील आणखी एक संयुग, असा आहे. प्रसाधनांच्या जाहिरातीत ज्यांचे नाव घेतले जाते, ते ग्लॅब्रिडिन आणि लिकोचाल्कोन मोजण्याची अट त्या निकषात नाही.