‘उलटा’ क्रम मुळात उलटा नव्हता : इंग्रजीतल्या इन्व्हर्जनची पार्श्वभूमी

‘नो सूनर… दॅन’ वापरून वाक्य पुन्हा लिहा. मुंबईत मराठी माध्यमातून शिकलेल्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’ खोडायचे, ‘नो सूनर’ पुढे आणायचे, त्याच्या मागे ‘डिड’ लावायचा, क्रियापद मूळ रूपात न्यायचे, मध्ये ‘दॅन’ घालायचा. गुण खिशात. परळ, दादर, गिरगावच्या क्लासांतून हा मंत्र पिढ्यान्‌पिढ्या घोकून घेतला गेला. तो ‘डिड’ कर्त्याच्या आधी का येतो, हे मात्र क्वचितच सांगितले गेले. याला इन्व्हर्जन म्हणतात, म्हणजे उलटा क्रम, एवढ्यावर विषय संपायचा.

घोळ या नावापासूनच सुरू होतो. ‘उलटा’ म्हटले की आधी एक सुलटा क्रम होता आणि कोणीतरी तो मुद्दाम फिरवला, असे वाटते. प्रत्यक्षात आज ज्याला आपण उलटा म्हणतो तोच क्रम एके काळी इंग्रजीत अगदी साधा होता. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत मुख्य वाक्यातल्या क्रियापदाचा ओढा दुसऱ्या जागेकडे असे. वाक्य ‘मग’ने, नकाराने किंवा प्रश्नार्थक शब्दाने सुरू झाले की लगेच क्रियापद आणि त्यानंतर कर्ता. शब्दाला शब्द ठेवून मराठीत आणले तर ‘मग आला तो घरी’ असे होईल, आणि आपल्या कानाला त्यात काही वावगे वाटत नाही. जर्मन आणि डच भाषांनी ही रीत आजही सोडलेली नाही. काळा घोड्याला जर्मन शिकायला जाणाऱ्यांना ती सुरुवातीच्या धड्यांतच भेटते: ‘होयटे गेहे इश’, आज जातो मी.

इंग्रजीने ती चौदाव्या-पंधराव्या शतकांत हळूहळू सोडली. नामांचे विभक्तिप्रत्यय झिजले होते, त्यामुळे कर्ता कोण हे जागेवरून ओळखायची पाळी आली आणि कर्ता क्रियापदाच्या आधी पक्का बसला. पण जुनी रीत सगळीकडून गेली नाही. प्रश्नांत राहिली, वाक्यारंभीच्या नकारानंतर राहिली, ‘हियर’-‘देअर’नंतर राहिली, ‘सो डू आय’ आणि ‘नायदर डू आय’मध्ये राहिली. गिरणगावात गिरण्या गेल्या आणि काही चिमण्या तेवढ्या उभ्या राहिल्या, तसे हे अवशेष आहेत. नवख्या माणसाला चिमणी पाहून ती तिथे का आहे ते कळत नाही. गिरणी होती हे सांगावे लागते.

खरी उलथापालथ झाली ती सोळाव्या-सतराव्या शतकांत, ‘डू’मुळे. तोवर प्रश्न करायचा तर मुख्य क्रियापदच कर्त्याच्या पुढे जाई. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात ‘व्हॉट वेंट यी आउट इंटू द विल्डरनेस टू सी?’ असे वाक्य आहे. आज कोणी तसे बोलणार नाही, ‘डिड’ हवाच. १९५३ मध्ये एका स्वीडिश अभ्यासकाने जुन्या ग्रंथांतली उदाहरणे मोजून हा बदल कसा पसरला ते दाखवले: नकारार्थी प्रश्नांत ‘डू’ सर्वांत आधी रुळला, मग साध्या प्रश्नांत, आणि नकारार्थी विधानांत मागाहून. साध्या होकारार्थी विधानांतही तो मधल्या काळात बराच दिसे, पण तिथून तो ओसरला. १७०० च्या सुमारास प्रश्नांतली त्याची जागा जवळजवळ ठरली होती. कर्त्याला ओलांडायची मुभा आता साहाय्यक क्रियापदांना आणि ‘बी’च्या रूपांना उरली. साहाय्यक नसेल तर ‘डू’ला बोलवायचे. आपल्या ‘नो सूनर डिड ही…’मधला ‘डिड’ तिथून आला आहे. (‘नो सूनर हॅड ही…’ हे रूपही तितकेच शुद्ध आहे. इंग्रज लेखकांच्या लेखनात तेच जास्त आढळते. क्लासातल्या मुलांनी ते लिहिले म्हणून लाल रेघ मारणे अन्यायाचे आहे.)

तरीही एक जुना कोपरा ‘डू’ला वश झाला नाही. ‘हियर कम्स द ट्रेन’, ‘डाउन केम द रेन’. इथे मुख्य क्रियापद अख्खेच्या अख्खे कर्त्याच्या पुढे जाते, ‘डू’चा पत्ता नाही. शिवाय कर्ता सर्वनाम असेल तर क्रम पुन्हा सरळ: ‘हियर इट कम्स’. फलाटावर उभ्या माणसाने ‘आली बघ गाडी’ म्हणावे, तसा या वाक्यांचा भाव असतो. जे पुढ्यात येते आहे त्याचे नाव शेवटी घ्यायचे. ‘नेव्हर हॅव आय सीन’चे काम वेगळे, नियम वेगळा. पण पुस्तकांत दोन्ही एकाच ‘इन्व्हर्जन’च्या मथळ्याखाली येतात आणि मुले एकाचा नियम दुसऱ्याला लावतात.

व्याकरणकारांनी हे कसे मांडले? १७९५ मध्ये इंग्लंडात छापलेल्या आणि पुढे शाळाशाळांतून चाललेल्या एका व्याकरणाने कर्ता क्रियापदानंतर कुठे कुठे येतो त्याची यादी दिली: प्रश्नात, आज्ञेत, ‘इफ’ गाळलेल्या अटीत, ‘हियर’, ‘देअर’, ‘देन’नंतर, ‘नायदर’ आणि ‘नॉर’नंतर. यादी चांगली होती, पण या सगळ्या जागांना जोडणारा धागा तीत नव्हता. मुंबई इलाख्यात १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक झाली. त्या काळच्या परीक्षांत इंग्रजी कविता गद्यात उतरवायचा प्रश्न नेहमीचा असे, आणि त्यासाठी आपल्याकडे एक तयार हत्यार होते: अन्वय. पंडित कवींच्या आर्या सरळ करून वाचायची सवय असलेल्या डोक्याला इंग्रजी कवितेतला फिरवलेला क्रम परका वाटण्याचे कारण नव्हते. मात्र अन्वयाची समजूत अशी की कवीने छंदासाठी शब्द हलवले, अर्थ तोच आहे. कवितेपुरते ते ठीक होते.

त्यानंतरचा निर्णय मात्र मला चुकीचा वाटतो. भारतातल्या शाळांसाठी छापलेल्या व्याकरणांनी, विशेषतः १९३० च्या दशकात निघून घरोघरी पोचलेल्या एका जाड पुस्तकाने, ‘ट्रान्स्फॉर्मेशन’ हे प्रकरण लोकप्रिय केले: एकाच आशयाचे वाक्य वेगवेगळ्या रूपांत लिहिण्याचा सराव. हेतू चांगला होता, मुलांच्या लेखनात विविधता यावी. पण परीक्षेने ते उचलले आणि इन्व्हर्जन ‘अर्थ न बदलता पुन्हा लिहा’ या सूचनेखाली जाऊन बसले. १९५७ नंतर भाषाशास्त्रज्ञांनी ‘ट्रान्स्फॉर्मेशन’ हाच शब्द वाक्यरचनेच्या आतल्या यंत्रणेसाठी वापरायला घेतला. त्यांच्या आणि आपल्या शाळेच्या ‘ट्रान्स्फॉर्मेशन’मध्ये नावापलीकडे फारसे नाते नाही, तरी बी.एड. झालेल्या शिक्षकाला दोन्ही एकच वाटावेत असा तो शब्द.

क्रम बदलला की अर्थ बदलतो, आणि काही वेळा पूर्ण फिरतो. ‘इन नो टाइम वी रीच्ड दादर’ म्हणजे क्षणात पोचलो. ‘अ‍ॅट नो टाइम डिड वी रीच दादर’ म्हणजे दादर आलेच नाही. ‘नॉट लाँग अगो ही लिव्ड इन गिरगाव’ : अलीकडेपर्यंत तो गिरगावात होता. ‘नॉट फॉर लाँग डिड ही लिव्ह इन गिरगाव’ : फार काळ राहिला नाही. चारही वाक्यांच्या तोंडाशी नकारार्थी शब्द आहे, पण क्रम दोघांतच बदलला आहे. कारण त्या दोघांतच नकार सबंध वाक्यावर पडतो. बाकीच्या दोघांत तो वेळेच्या शब्दापुरता उरतो. तोंडाशी नकार दिसला की ‘डिड’ लावा, एवढाच मंत्र पाठ असलेला मुलगा इथे हमखास फसतो. ज्याला नकार कुठवर पोचतो हे कळले, त्याला यादी पाठ करावी लागत नाही. ‘ओन्ली’, ‘हार्डली’, ‘सेल्डम’ याच घरातले आहेत, कारण त्यांच्या पोटात नकार आहे.

अर्थ तोच राहतो तिथेही वजन बदलते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याबद्दल लिहिताना ‘आय हॅड नेव्हर सीन सच रेन’ ही माहिती झाली. ‘नेव्हर हॅड आय सीन सच रेन’मध्ये तो दिवस उभा राहतो. मराठीत हे आपण शब्द हलवून आणि आवाजाने सहज करतो: ‘असा पाऊस मी कधी पाहिला नव्हता’ आणि ‘कधी म्हणजे कधी पाहिला नव्हता मी असा पाऊस’. म्हणून मराठी मुलाला ही गोष्ट समजायला अवघड नाही. ती त्याला समजाच्या बाजूने कोणी दिली नाही.

राज्यातल्या मराठी शाळांत इंग्रजी आधी आठवीपासून असे, मग पाचवीपासून झाले, आणि २००० पासून पहिलीपासून आहे. वर्षे वाढली, पण परीक्षेतला प्रश्न ओळखीचाच राहिला. दरम्यान बोलणे वाढले आणि तिथे दुसरीच अडचण पुढे आली. मराठीत प्रश्नासाठी क्रम हलत नाही. शेवटी ‘का’ लावला की भागते. त्यामुळे मुंबईच्या बोलीत ‘व्हेअर यू आर गोइंग?’ ऐकू येते, आणि ज्याच्याकडून प्रश्नाचा क्रम कसून घोटून घेतला आहे तो ‘टेल मी व्हेअर इज द बँक’ असेही म्हणतो. दुसऱ्या वाक्यात प्रश्न पोटात गेला आहे, तेव्हा प्रमाण इंग्रजीत क्रम सरळ हवा. आयर्लंडच्या इंग्रजीत मात्र पोटातल्या प्रश्नाचा असा क्रम सर्रास चालतो. भारतीय इंग्रजीतल्या या दोन सवयींना चूक म्हणायचे की इथल्या बोलीचा नियम, यावर अभ्यासकांत वाद आहे. नोकरीच्या मुलाखतीला बसलेल्या पोराला तूर्त तो वाद उपयोगाचा नाही. त्याला इतकेच सांगायला हवे: थेट विचारायचे तर साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी, आणि ‘टेल मी’च्या पोटात विचारायचे तर कर्ता आधी.