जुनी बग्गी, काळी माती

गाडी दहापट लहान केली म्हणून गुरुत्वाकर्षण दहापट कमी होत नाही. रिमोटवर पळणाऱ्या रेसिंग बग्गीचं निम्मं गणित इथेच आहे. १:१० मापाची, बॅटरीवर चालणारी बग्गी साधारण १.६ किलोची असते. लांबी, रुंदी, उंची तिन्ही दहापट केल्या तर वजन हजारपट होतं, म्हणजे १,६०० किलो. एखाद्या धडधाकट मोटारीएवढं. इथपर्यंत हिशेब जुळतो. पण बग्गी अर्ध्या मीटरवरून खाली यायला ०.३ सेकंद घेते, आणि तीच उडी दहापट मोठ्या गाडीने ५ मीटरवरून मारली तर १ सेकंद लागतो. म्हणजे लहान गाडीच्या जगात सगळं तिपटीहून जास्त घाईने घडतं. उडी, घसरण, हेलकावा, सगळंच. स्वतःच्या वजनाने बग्गी स्प्रिंगवर १० मिलिमीटर दबत असेल, तर ती सेकंदाला सुमारे ५ वेळा झुलते. रस्त्यावरची मोटार फार तर एक-दीड वेळा.

पुण्या-मुंबईच्या हौशी मंडळींनी वापरून विकलेली बग्गी कुरिअरने विदर्भात दारव्ह्याला किंवा आर्वीला येते, तेव्हा सोबत बऱ्याचदा एक सेटअप शीट असतं: कुठली स्प्रिंग, कुठलं तेल, किती दात्यांचा पिनियन (मोटरच्या आसावरचा छोटा गिअर). शीट खोटं नसतं. पण ते कुठल्या तरी कार्पेटच्या, कृत्रिम हिरवळीच्या किंवा पाणी मारून दाबलेल्या ट्रॅकसाठी लिहिलेलं असतं. आपल्याकडे एप्रिलमध्ये पऱ्हाटी उपटलेलं वावर, वरती बोटभर फुफाटा, खाली दगडासारखी टणक जमीन आणि तिच्यात भेगा. शीट जपून ठेवावं, पण त्यावर विसंबू नये.

सुरुवात मोटरचा जोर चाकापर्यंत नेणाऱ्या भागांपासून करावी. चाकं काढून एकेक बेरिंग बोटावर फिरवून पाहा. खरखर लागली तर ते बदला, धूत बसू नका. धुतलेलं बेरिंग चार दिवस बरं वाटतं एवढंच. काळ्या मातीतले चिकणमातीचे कण २ मायक्रॉनहूनही बारीक असतात आणि बेरिंगच्या पत्र्याच्या झाकणातून ते सहज आत शिरतात. रबरी सीलचं बेरिंग किंचित जड फिरतं, पण इथे तेच टिकतं. मग पिनियन आणि स्पर, म्हणजे पिनियन ज्याला फिरवतो तो मोठा गिअर. ४८ पिच म्हणजे गिअरच्या वर्तुळाच्या दर इंच व्यासामागे ४८ दाते. आधीच्या मालकाने ४८ पिचच्या स्परला ०.६ मॉड्यूलचा (दर दात्यामागे ०.६ मिलिमीटर व्यास) पिनियन लावलेला असेल, तर डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण स्पर थोड्याच दिवसांत बोडका होतो. दोन्ही गिअरमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटर दाबून स्क्रू आवळा, मग पट्टी फिरवून बाहेर काढा. कागदावर घड्या उमटल्या पाहिजेत, तो फाटता कामा नये.

किती दात्यांचा पिनियन, हा विदर्भात तापमानाचा प्रश्न आहे. समजा स्पर ८१ दात्यांचा, पिनियन २७ चा आणि गिअरबॉक्सचं आतलं गुणोत्तर २.६. तर चाक एकदा फिरायला मोटर ७.८ वेळा फिरते. मोटर भोवतालच्या हवेपेक्षा ५० अंशांनी तापत असेल, तर डिसेंबरात २० अंशांच्या हवेत ती ७० वर थांबेल, आणि मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात ९५ वर जाईल. साध्या प्रतीचे निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या पुढे आपली ताकद गमावू लागतात; चांगल्या मोटरमध्ये जास्त ताप सोसणारे असतात, पण जुन्या मोटरने आधी किती सोसलंय हे कुणाला ठाऊक? पिनियन २४ चा केला की गुणोत्तर ८.८ च्या जवळ जातं. चाकाला तेवढाच रेटा देताना मोटरला जोर आणि वीजप्रवाह सुमारे ११ टक्के कमी लागतो. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते-घटते, म्हणून ती पाचव्या हिश्शाने उतरते. कमाल वेग थोडा जातो. जाऊ द्यावा.

आता डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दातेरी रचना. आपल्या बैलबंडीला ते कधीच लागलं नाही, कारण तिची दोन्ही चाकं आसावर आपापली सुटी फिरतात आणि ओढणारा जोर चाकांतून येतच नाही. जोर चाकांतूनच द्यायचा ठरला की अडचण येते: वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. फ्रान्सच्या ओनेसिफोर पेक्यूर या घड्याळजीने वाफेच्या गाडीसाठी यावर तोड काढली आणि १८२७ मध्ये तिचं पेटंट घेतलं. तीच दातेरी रचना आज ट्रॅक्टरच्या मागच्या आसात आहे आणि बग्गीतल्या, मुठीत मावणाऱ्या डबीतही. तिची खोड मात्र ट्रॅक्टरवाल्यांना पाठ असते. एक चाक चिखलात गेलं की सगळी फिरकी तिकडेच पळते आणि दुसरं, कोरड्यावरचं चाक ढिम्म. ट्रॅक्टरमध्ये पायाने डिफ लॉक दाबून दोन्ही चाकं एकत्र जखडता येतात. बग्गीत तशी सोय नसते, म्हणून डबीत घट्ट सिलिकॉन तेल भरतात. पाण्याची गतिज श्यानता (वाहण्यातला घट्टपणा) १ सेंटिस्टोक्स धरली, तर हे तेल ३,००० पासून लाखापर्यंत मिळतं. दोन चाकांच्या वेगात जितका फरक पडू पाहतो तितका हे तेल जास्त अडसर करतं, म्हणजे अर्धा-मुर्धा लॉक.

जुन्या गाडीत तेल उरलंय का हे तपासायला गाडी खोलायची गरज नाही. स्पर धरून ठेवा आणि मागचं एक चाक फिरवा. दुसरं उलट्या दिशेने फिरलं पाहिजे, पण जडपणे, मधात बोट फिरवल्यासारखं. भिरभिर फिरलं तर सील गळालीय. नवं तेल भरताना मागच्या दोनच चाकांना जोर असलेल्या बग्गीत मी फुफाट्यासाठी ५,००० च्या आसपास थांबेन. याहून घट्ट तेलाने सरळ रेषेत ओढ छान मिळते, पण वळणावर मागची दोन्ही चाकं सारख्याच वेगाने फिरू पाहतात आणि गाडी नाक बाहेर काढून सरळ धुऱ्याकडे निघते.

शॉकअपच्या तेलात लोकांची सगळ्यात जास्त फसगत होते. बाटलीवरचा ३० हा आकडा साधारण ३५० सेंटिस्टोक्स सांगतो, तोही २५ अंश तापमानाला. आणि एका कंपनीचा ३० दुसरीच्या ३० शी जुळेलच असं नाही. म्हणून सेंटिस्टोक्सचाच आकडा वाचावा. सिलिकॉन तेल उन्हाने पातळ होतं, तरी खनिज तेलाइतकं नाही. ३५० चं तेल ४५ अंशांना २५० च्या घरात येतं. म्हणजे जानेवारीच्या सकाळी मनासारखी जमलेली गाडी मे महिन्याच्या दुपारी उगाच उड्या मारू लागते आणि आपण स्प्रिंगला दोष देत बसतो. मोटरसायकलच्या फोर्कचं तेल घरात पडलंय म्हणून ओतू नये. ते तापमानाने जास्त बदलतं, शिवाय सिलिकॉन रबराच्या सीलही त्यात फुगतात.

तेलाइतकाच महत्त्वाचा भाग म्हणजे शॉकअपमधल्या पिस्टनची भोकं; तेल त्यांतूनच ये-जा करतं. अरुंद नळीतून किती द्रव वाहील हे नळीच्या व्यासाच्या चौथ्या घातावर ठरतं. हे शोधलं ज्यां प्वाझय या फ्रेंच डॉक्टराने १८४० च्या सुमारास, आणि त्याच्या डोक्यात शॉकअप नव्हते, रक्तवाहिन्या होत्या. भोक १.६ मिलिमीटरचं १.७ केलं की वाट २७ टक्क्यांनी मोकळी होते. पिस्टन जाडीला कमी, त्यामुळे नियम अगदी तंतोतंत लागू पडत नाही, पण दिशा हीच. शिवाय उडी संपवून गाडी आपटते तेव्हा तेल भोकांतून इतक्या जोरात घुसतं की संथ प्रवाह मोडतो, भोवरे होतात आणि शॉकअप क्षणभर दगड बनतो. खडबडीत जागी मोठी भोकं आणि थोडं घट्ट तेल ही जोडी मला बरी वाटते: हळू हेलकाव्याला आवर, मोठ्या दणक्याला वाट.

भेगांचं काय? ४ सेंटिमीटर रुंद भेगेत बग्गीचं साडेआठ सेंटिमीटर व्यासाचं चाक जेमतेम ५ मिलिमीटर खाली बसतं. ताशी ३६ किलोमीटरने जाणारी गाडी ही भेग ४ मिलिसेकंदांत ओलांडते. तेवढ्या वेळात स्प्रिंगने ढकलूनही चाक अर्धा मिलिमीटर खाली जात नाही, ते भेगेवरून चक्क उडून जातं. हीच गाडी वळणावर सेकंदाला २ मीटर या वेगाला आली की तिला पाचपट वेळ मिळतो. मग चाक भेगेत बसतं, पलीकडच्या काठाला थडकतं, आणि पुढची बिजागरीची पिन वाकते. जुन्या गाडीत ही पिन काढून काचेच्या तुकड्यावर लोळवून पाहावीच. वाकलेली असेल तर आर्म (चाक धरणारा दांडा) अडखळतो आणि वरची सगळी स्प्रिंग-तेलाची मेहनत पाण्यात. म्हणून वळणाची जागा निवडताना तेवढी जमीन वखरून, पाणी शिंपडून चोपून घ्यावी. सरळ पट्टा तसाच सोडला तरी चालतो.

बाकीच्या गोष्टी कमी वेळ खातात. चाकं वरून आत १ ते २ अंश कललेली, मागची चाकं पुढून ३ अंश आत वळलेली, आणि गाडी उचलली की चाकं आणखी चांगली खाली लोंबली पाहिजेत, म्हणजे खड्ड्यावरही टायर जमीन सोडत नाही. पोटाखालची उंची शीटपेक्षा ३-४ मिलिमीटर जास्त ठेवा, नाहीतर ढेकळं चेसिस घासतात.

मृगाच्या पहिल्या सरीनंतर यातलं बरंचसं बाद होतं. ओली काळी माती पाणी पिऊन फुगते, भेगा मिटतात आणि टायरवर चिखलाची वळी चढते. चाकं जड झाली की शॉकअपला ती आवरत नाहीत आणि मोटर पुन्हा तापते. तेव्हा गाडी मुरूम टाकलेल्या पांदणीवर न्यावी. तिथे पकड जास्त असते, म्हणून स्प्रिंग एक पायरी कडक लावावी.