बुद्धिबळपटूचा विचार संगणकात उतरवताना

दादर-माटुंग्याच्या क्लासमधली मुलं डाव संपला की मोबाइलवर इंजिन, म्हणजे चाली तपासणारा प्रोग्रॅम, लावतात. 'प्लस १.८' असा आकडा येतो, म्हणजे पांढरा सुमारे १.८ प्याद्यांनी वरचढ. ती चाल का चांगली, हे आकडा सांगत नाही. बुद्धिबळपटूचा विचार संगणकात उतरवण्याच्या क्षेत्राची सुरुवात मात्र नेमकी त्या 'का'पासून झाली.

डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ग्रूट यांनी खेळाडूंपुढे एकेक स्थिती मांडली, मोठ्याने बोलत विचार करायला सांगितलं आणि ते बोलणं उतरवून घेतलं. त्यात अलेखाइन, युवे, केरेस असे दिग्गज होते. १९४६च्या प्रबंधातला निष्कर्ष आजही चकित करतो: ग्रँडमास्टर चांगल्या क्लब खेळाडूपेक्षा फारसं खोल पाहत नाही. कामाची चाल त्याच्या नजरेत लवकर भरते, आणि तिच्याकडे तो पुन:पुन्हा वळून दर वेळी थोडं पुढे पाहतो.

१९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी खऱ्या डावातली स्थिती ५ सेकंद दाखवून ती आठवणीने मांडायला लावली. मास्टरने नवख्यापेक्षा कितीतरी जास्त मोहरे बरोबर ठेवले. मोहरे वाटेल तसे विखुरल्यावर हा फरक जवळजवळ पुसला गेला. २ सेकंदांपेक्षा मोठा खंड न पडता ठेवलेले मोहरे म्हणजे एक गठ्ठा, अशी त्यांची ढोबळ कसोटी. कॅसलिंगनंतरचा (राजा-हत्तीच्या एकत्र चालीनंतरचा) जी१ या घरातला राजा, एफ१वरचा हत्ती, एफ३वरचा घोडा आणि समोरची तीन प्यादी हे सहा मोहरे जाणत्याला एकच वस्तू म्हणून दिसतात.

हे प्रोग्रॅममध्ये कसं आणायचं? गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९५० मध्येच दोन वाटा दाखवल्या होत्या: सगळ्या चाली तपासा, नाहीतर निवडक. बर्नस्टाइन यांच्या आयबीएम ७०४ या संगणकावरच्या प्रोग्रॅमने दुसरी वाट धरली. प्रत्येक स्थितीत ७ चाली, खोली ४ अर्ध-चाली (एका बाजूची एक चाल म्हणजे एक अर्ध-चाल), म्हणजे शेवटी २,४०१ स्थिती. एका चालीला सुमारे ८ मिनिटं. दोष उघड होता. वजिराचा बळी देणारी चाल त्या सातांत आली नाही, तर ती कायमची हुकली.

विल्किन्स यांचा 'पॅराडाइज' हा प्रोग्रॅम (१९८०) अधिक माणसासारखा होता. प्रतिस्पर्ध्याचा राजा त्याच्या शेवटच्या आडव्या पट्टीवर, पुढची तिन्ही प्यादी न हललेली, आपला हत्ती मोकळ्या उभ्या पट्टीवर, असा आकृतिबंध सापडला की योजना ठरते: त्या आडव्या पट्टीचा राखणदार हटवा. मग त्या योजनेपुरत्याच चाली तपासायच्या. डावपेचांच्या कोड्यांत हे छान चाललं. शांत स्थितीत मात्र नियम कमी पडतात. बोट्विनिक स्वतः विश्वविजेता, पण त्यांचा 'पायोनियर' हा प्रोग्रॅमही पूर्ण डाव खेळण्यापर्यंत पोचला नाही. तिकडे प्रोग्रॅमर स्लेट आणि अ‍ॅटकिन यांनी १९७३ मध्येच निवडीचे नियम सोडून सर्व चाली तपासायला घेतल्या होत्या. १९९७ मध्ये सेकंदाला २० कोटी स्थिती पाहणाऱ्या आयबीएमच्या डीप ब्लू संगणकाने विश्वविजेत्या कास्पारॉव्हला हरवलं आणि त्या वाटेचा दबदबा पक्का झाला.

मुंबईचाही या विचाराशी संबंध आहे. ज्ञानाधारित संगणक प्रणालींच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जुहूची एनसीएसटी (नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी) ही संस्था एक प्रमुख केंद्र होती, आणि १९८९ची त्या विषयावरची परिषद मुंबईतच भरली. तज्ज्ञाच्या डोक्यातलं ज्ञान नियमांत मांडायचं, ही अडचण वैद्यकातही तीच, बुद्धिबळातही तीच. 'हे कसं सुचलं?' असं विचारलं की तज्ज्ञ म्हणतो, 'दिसलंच'.

२०२०च्या 'माया' प्रोग्रॅमने नियम लिहिणंच टाळलं. तो लाखो मानवी डावांवरून त्या-त्या रेटिंगच्या (खेळाच्या दर्जाच्या गुणांकाच्या) खेळाडूची पुढची चाल ओळखतो, निम्म्याच्या आसपास वेळा बरोबर, आणि तेही पुढच्या चालींचा शोध न घेता. माझ्या मते ही मोठी झेप आहे, पण 'का'चं उत्तर त्यातही नाही.

म्हणून द ग्रूट यांची पद्धत आजही करून पाहण्याजोगी आहे. खेळाडूला अनोळखी अशी डावाच्या मधल्या टप्प्यातली स्थिती घ्या, रेकॉर्डर लावा, त्याच्या मातृभाषेत बोलू द्या. तो गप्प झाला तर 'बोलत राहा' एवढंच म्हणा. मध्येच 'का?' विचारलं, तर तो तिथल्या तिथे कारण जुळवतो आणि त्या जुळवलेल्या कारणाचाच नियम प्रोग्रॅममध्ये जातो.