दंत क्ष-किरण तपासणीची वारंवारता

दातांच्या व जबड्याच्या क्ष-किरण प्रतिमा कोणत्या रुग्णाच्या किती काळाने घ्याव्यात, याविषयीचे निकष. यासाठी सर्वांना लागू पडेल अशी एकच मुदत नाही. आधी तोंडाची प्रत्यक्ष तपासणी, मग रुग्णाचा पूर्वेतिहास व दंतक्षयाचा धोका आणि त्यानंतर चित्र घेण्याचा निर्णय, असा क्रम प्रमुख मार्गदर्शिकांनी मान्य केलेला आहे. दर सहा महिन्यांनी दंतवैद्याकडे जाणे आणि दर सहा महिन्यांनी क्ष-किरण चित्र घेणे या दोन वेगळ्या गोष्टी असून त्यांची गल्लत अनेकदा होते.

इतिहास : जर्मन भौतिकीविज्ञ व्हिल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध 8 नोव्हेंबर 1895 रोजी लागला, त्यांचा निबंध 28 डिसेंबरला सादर झाला. दातांचे पहिले चित्र ब्राउनश्वाइग येथील दंतवैद्य ओटो वॉल्कहोफ यांनी स्वतःच्या दाढांचे काढले, असे सामान्यतः मानतात. काळ्या कागदात व रबरात गुंडाळलेली काचपट्टी तोंडात धरून ते सुमारे 25 मिनिटे स्थिर राहिले. हे चित्र ‘शोधानंतर 14 दिवसांनी’ घेतले गेले, असे विधान अनेक ग्रंथांत आढळते. मात्र हे 14 दिवस 8 नोव्हेंबरपासून मोजणे शक्य नाही, कारण तेव्हा राँटगेन यांच्या प्रयोगशाळेबाहेर शोधाची वार्ताच नव्हती. निबंधाच्या प्रसिद्धीपासून मोजल्यास जानेवारी 1896 चा मध्य येतो आणि तो अधिक संभाव्य वाटतो. प्रत्यक्ष किरणयंत्र हाताळण्याचे काम रसायनशास्त्रज्ञ फ्रिड्रिख गीझल यांनी केले असल्याने श्रेय दोघांत विभागणे न्याय्य ठरेल. फ्रँकफुर्ट येथील भौतिकीविज्ञ वॉल्टर केनिग यांची चित्रेही जवळपास त्याच सुमाराची आहेत. अमेरिकेतील अग्रमानाबद्दल वैद्य विल्यम मॉर्टन आणि न्यू ऑर्लीन्सचे दंतवैद्य एडमंड केल्स यांची नावे घेतली जातात. मॉर्टन यांचे प्रात्यक्षिक एप्रिल 1896 चे असून केल्स यांचे त्याच वर्षीच्या उन्हाळ्यातील दिसते; परंतु दंतवैद्यकाच्या नित्य व्यवहारात हे तंत्र केल्स यांनीच रुजवले.

त्या काळी मात्रेचे, म्हणजे शरीराला मिळणाऱ्या किरणांच्या प्रमाणाचे, मोजमाप नव्हते. नळीतील किरणांची तीव्रता जुळवण्यासाठी चालक स्वतःचा हात मध्ये धरून हाडे स्पष्ट दिसतात का, हे पाहत असे. केल्स यांची बोटे आणि पुढे हात याच सवयीमुळे गमवावा लागला. 1928 मध्ये त्यांनी जीवनयात्रा संपवली. गीझल यांचाही मृत्यू (1927) प्रारणजन्य कर्करोगाशी जोडला जातो. बॉस्टनचे दंतवैद्य विल्यम रोलिन्स यांनी 1901 च्या सुमारास गिनीपिगांवरील प्रयोगांतून या किरणांचा धोका दाखवला होता. तेव्हा त्यांच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

ठरावीक काळाने चित्र घेण्याच्या कल्पनेला खरे बळ मिळाले ते हॉवर्ड रेपर यांच्या बाइटविंग पद्धतीमुळे (1925). फिल्मला जोडलेली पट्टी दातांनी चावून धरल्यावर वरच्या व खालच्या दाढांचे माथे एकाच चित्रात येतात आणि दोन दातांमधली, डोळ्यांना न दिसणारी कीड उघड होते.

मुदतीचे शास्त्र : मुदत ठरते ती मुख्यतः कीड किती वेगाने पसरते यावरून. खनिज द्रव्याचा सुमारे 30 ते 40 टक्के ऱ्हास झाल्याशिवाय ती चित्रात स्पष्ट दिसत नाही. कायमच्या दातांत दंतवल्क (दाताचे बाहेरचे कठीण कवच) ओलांडून दंतिनापर्यंत (त्याखालच्या थरापर्यंत) पोचायला तिला बहुधा काही वर्षे लागतात. दुधाच्या दातांचे कवच पातळ असल्याने तेथे हा काळ कमी असतो. म्हणून कमी धोक्याच्या प्रौढात दरवर्षी चित्र घेतल्याने हाती फारसे नवे काही लागत नाही.

अमेरिकन डेंटल असोसिएशन आणि तेथील अन्न व औषध प्रशासन यांच्या 2012 च्या शिफारशींनुसार बाइटविंग चित्रांचे अंतर असे : धोका अधिक असल्यास मुलांत व किशोरांत 6 ते 12 महिने, प्रौढांत 6 ते 18 महिने, धोका कमी असल्यास मुलांत 12 ते 24, किशोरांत 18 ते 36 आणि प्रौढांत 24 ते 36 महिने. यूरोपीय आयोगाच्या 2004 च्या मार्गदर्शिकेत अधिक धोक्यासाठी 6 महिने, मध्यम धोक्यासाठी एक वर्ष आणि कमी धोक्याच्या कायमच्या दातांसाठी सुमारे दोन वर्षे अशी विभागणी आहे. हे आकडे वेळापत्रक म्हणून वाचू नयेत. धोका बदलला की मुदतही बदलते. तोंड कोरडे पाडणारे औषध सुरू झाले, तर कालचा कमी धोक्याचा रुग्ण आज अधिक धोक्याचा ठरू शकतो. लहान मुलांच्या दाढांमध्ये फटी असतील आणि बाजू डोळ्यांनी दिसत असतील, तर बाइटविंगची गरजच उरत नाही. हिरड्यांच्या विकारासाठी निश्चित अंतर सांगितलेले नाही. दात नसलेल्या व्यक्तीचे चित्र लक्षणांशिवाय घेऊ नये. पॅनोरमिक चित्र (ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचे एकच रुंद चित्र) आणि शंकू-किरण सीटी (त्रिमितीय चित्र देणारी पद्धत) ही सरसकट चाळणीची साधने नव्हेत.

मात्रा व संरक्षण : आयताकृती रोधक (किरणशलाका फिल्मच्या आकारापुरती मर्यादित करणारे साधन) आणि जलद फिल्म (कमी किरणांत चित्र उमटणारी) वापरल्यास चार बाइटविंगची परिणामी मात्रा (संपूर्ण शरीराच्या धोक्याच्या हिशेबाने काढलेली) सुमारे 5 मायक्रोसिव्हर्ट (प्रारण-मात्रेचे एकक), तर सर्व दातांच्या चित्रमालिकेची सुमारे 35 भरते. गोल नळी व मंद फिल्म असेल, तर हीच मालिका सुमारे 388 पर्यंत जाते. पॅनोरमिक चित्राची मात्रा साधारण 14 ते 24 असते. तुलनेसाठी, नैसर्गिक प्रारणाची जागतिक सरासरी वर्षाला सुमारे 2,400 मायक्रोसिव्हर्ट आहे. म्हणजे जुन्या आणि चांगल्या तंत्रातला फरक काही वेळा मुदत कमीजास्त करण्याने पडणाऱ्या फरकाहून मोठा असतो, हे चर्चेत सहसा निसटते. अंकीय संवेदकांनी प्रत्येक चित्राची मात्रा घटवली. पण चित्र लगेच पडद्यावर दिसत असल्याने पुन्हा घेण्याचा मोहही वाढला.

दंत चित्रांचा मेनिंजिओमा या मेंदूच्या आवरणाच्या अर्बुदाशी संबंध असल्याचे एका अमेरिकी अभ्यासात 2012 मध्ये मांडले गेले. तो रुग्णांच्या आठवणींवर आधारलेला होता आणि त्या जुन्या, अधिक मात्रेच्या काळातल्या होत्या. त्यामुळे कार्यकारणसंबंध सिद्ध झाल्याचे मानत नाहीत. शिशाचा अंगरखा व गळपट्टा यांबाबतही मत पालटले आहे : 2012 मध्ये शक्य तेथे गळपट्टा वापरण्याची शिफारस करणाऱ्या त्याच अमेरिकन डेंटल असोसिएशनने 2024 मध्ये दोन्ही नित्य वापरातून वगळण्यास सांगितले. किरणशलाका नेमकी आखणे आणि अनावश्यक चित्र टाळणे हेच अधिक परिणामकारक, असा त्यामागील युक्तिवाद आहे. गर्भवतीच्या बाबतीतही निकष गरजेचाच असतो. आवश्यक चित्र केवळ गरोदरपणामुळे लांबणीवर टाकत नाहीत.