कोंडून ठेवल्याने दारू सुटत नाही

कर्नाटकाच्या सीमाभागात, खानापूर-निपाणीकडे घरातला माणूस दारूपायी हाताबाहेर गेला की त्याला 'सोडवायला' व्यसनमुक्ती केंद्रात नेतात. काही केंद्रांत पुढचा प्रकार ठरलेला: खोलीला कुलूप, मोबाईल जमा, महिनाभर भेट बंद, आरडाओरडा केला तर मार. घरचे पैसे भरून निर्धास्त होतात. त्या बंद खोलीतल्या पहिल्या तीन-चार रात्री मात्र जिवावर बेतू शकतात.

अल्कोहोल मेंदूतल्या 'गाबा' या शांत करणाऱ्या रसायनाचा प्रभाव वाढवतं आणि 'ग्लुटामेट' या उत्तेजित करणाऱ्या रसायनाला दाबतं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचा मेंदू तोल राखायला उलट बाजूने जोर लावू लागतो. दारू एकदम तोडली की दाब जातो, उलटा जोर तसाच राहतो. काही तासांतच हात कापतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या ४८ तासांत फेफरं येऊ शकतं. साधारण ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान काहींना 'डेलिरियम ट्रेमेन्स' होतो: दिवस-रात्रीचं भान सुटतं, भिंतीवर किडे दिसतात, ताप चढतो, नाडी धावते. उपचार न मिळाल्यास मृत्यूही येतो. याच अवस्थेत माणूस दार बडवतो, आणि 'नाटक करतोय' म्हणून त्याला झोडपतात. आजाराच्या ऐन भरात असलेल्या माणसाला मारणं ही शिस्त नव्हे, छळ आहे.

उपचार जुनाच आहे आणि महागही नाही. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपाम हे औषध गाबाचं काम काही दिवस सांभाळतं. डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवत ते थांबवतात. सोबत थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व हवंच. आपल्याकडे अशक्तपणा म्हटलं की सलाईन लावतात, म्हणून मुद्दाम सांगतो: थायमिनची कमतरता असलेल्या माणसाला ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊन स्मृती कायमची जाऊ शकते.

दवाखान्यातही वेगळं घडत नाही. पडून डोक्याला मार लागलेल्याच्या तोंडाला वास आला की 'उतरल्यावर आणा' म्हणतात. त्या वासाआड मेंदूतला रक्तस्राव लपलेला असू शकतो. एकदा पाणउतारा झालेला माणूस पुन्हा त्या दारात यायला धजावत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काही उपचार मिळतो.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ दारूच्या आजारालाही लागू आहे. त्यानुसार रुग्णाला साखळीने बांधता येत नाही, एकांतकोठडीत ठेवता येत नाही, सक्तीने मुंडण करता येत नाही, कामाला जुंपता येत नाही. फोन आणि भेटीचा हक्क त्याच्याकडेच राहतो. सीमाभागासाठी आणखी एक तरतूद मोलाची आहे: दाखल कोणत्या कलमाखाली केलं, उपचार काय, तक्रार कुठे करायची, हे रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगावं लागतं. कन्नड न वाचता येणाऱ्याकडून कन्नड कागदावर नुसता अंगठा घेणं त्यात बसत नाही.

केंद्रात पाऊल टाकताच विचारा: नोंदणी दाखवा, रात्री डॉक्टर कोण असतो, थायमिन देता का, भेटीला कधी येऊ? उत्तर टाळलं तर माणसाला तिथे ठेवू नका. मानसिक आजारांसाठी धारवाडला डिमहान्स ही सरकारी संस्था आहे, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं.