पैसे भरून गूगल मॅपवर पहिला नंबर मिळत नाही
बेळगावच्या खडेबाजारापासून निपाणीपर्यंत दुकानदारांना असे फोन येतात: 'महिन्याला एवढे भरा, गूगल मॅपवर तुमचं दुकान पहिलं आणतो.' हे साफ खोटं आहे. जाहिरात विकत मिळते, पण तिच्यावर 'प्रायोजित' लिहिलेलं असतं. बाकीची क्रमवारी विकत मिळत नाही, हे गूगलच सांगतं. ती ठरते शोधाशी जुळणी, अंतर आणि दुकानाची ख्याती यांवर. म्हणून 'कुंदा' (बेळगावची मिठाई) शोधला तर शहापुरात एक दुकान वर दिसेल, खानापुरात दुसरंच. सगळ्यांसाठी एकच पहिला नंबर नसतोच!

गूगलवरचं दुकानाचं प्रोफाइल फुकट आहे. वेळ, फोन, फोटो स्वतः भरा. गिऱ्हाइकांना अभिप्राय लिहायला सांगा, मराठीत किंवा कन्नडमध्येही. नावात मात्र 'बेस्ट कुंदा बेळगाव' कोंबू नका. पाटीवरचंच नाव द्या, नाहीतर प्रोफाइल बंद होऊ शकतं.